ओरड जुनी, औषधही जुनेच

दिवाळीला घरी आलेल्या भाच्याला मी म्हटले, "आजीला चार ओळींचे पत्र लिही." चिरंजीव बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अर्धा तास कागदाशी झुंजून त्याने विचारले, "मामा, फोनच केला तर नाही का चालणार?" अशा वेळी आम्हा शिक्षक-मंडळींचा एक सुस्कारा ठरलेला असतो : पूर्वीची मुले काय लिहायची!

पण ही 'पूर्वी' नेमकी कधीची? मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. रानडे आणि भांडारकर त्यांतलेच. त्याच दशकात विद्यापीठाने मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषांना रजा दिली. मुलगा कॉलेजात गेला की मराठी उरे ती घरी बोलण्यापुरती. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' काढली, तिचा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या सद्यःस्थितीवर. म्हणजे ही काळजी दीडशे वर्षांची झाली!

गंमत अशी की, शास्त्रीबुवा स्वतः त्याच विद्यापीठाचे १८७२ चे बी.ए. मग ते मराठी लिहायला शिकले कोठे? घरच्या 'शालापत्रक' मासिकात ते विद्यार्थिदशेतच लिहू लागले होते. मासिकाला मजकूर वेळेवर लागतो आणि वाचक दयेने गुण देत नाही. पुढे 'निबंधमाले'चे ८४ अंक निघाले, ते याच सरावाच्या बळावर.

रानड्यांनी दुसरी बाजू लढवली. विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून ते अखेरपर्यंत झगडले. १९०१ च्या जानेवारीत ते वारले, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा झाली ती त्यांच्याच खटपटीने.

आज मराठी अभ्यासक्रमात आहे. पण मुले लिहितात कोठे? निबंध तयार मिळतो, तो पाठ करून उतरवायचा, की झाले. खरे सांगायचे तर दोष माझ्या लाल पेन्सिलीचाही आहे. वेलांट्या मी हजारो सुधारल्या. "तू काय पाहिलेस, ते सांग," असे मात्र क्वचितच म्हटले.

भाच्याला म्हटले, "शुद्धलेखन राहू दे. काल किल्ला करताना बुरूज कसा ढासळला, तेवढे आजीला कळव." मग दोन पाने भरली. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. पत्र तसेच पेटीत टाकले.