तीन वाजून त्रेपन्न मिनिटे

१८ सप्टेंबर २०१४. नऊ दिवस आधी
दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका निवडणूक वादाचा निकाल दिला, अन्वर विरुद्ध बशीर. प्रचारातल्या गाण्यांच्या आणि घोषणांच्या सीडी पुरावा म्हणून चालतील का, एवढाच प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, सीडी ही मूळ यंत्रातल्या नोंदीची प्रत आहे. ती चालायची असेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ बीखालचे प्रमाणपत्र हवेच. यंत्र कोणते, नोंद कशी निघाली हे लिहायचे आणि खाली जबाबदार माणसाने सही करायची. महाराष्ट्रात तेव्हा पितृपक्ष चालू होता आणि सगळे डोळे जागावाटपाकडे लागले होते. त्या एका कागदाची वार्ता इकडच्या निवडणूक कचेऱ्यांपर्यंत पोचली असेल, असे मला वाटत नाही.

२५ सप्टेंबर, संध्याकाळ. सुमारे ४५ तास आधी
विधानसभेसाठी अर्ज घेणे २० तारखेलाच सुरू झाले होते, पण पितृपक्षात अर्ज भरायला आपले उमेदवार नाखूष असतात. गुरुवारी घट बसले. त्याच संध्याकाळी शिवसेना-भाजपची २५ वर्षांची युती तुटली आणि पाठोपाठ काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही फुटली. काल मित्रपक्षाला सोडलेल्या जागेवर आज स्वतःचा उमेदवार हवा होता. नाशिकपासून जालन्यापर्यंत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या एबी फॉर्मसाठी धावाधाव सुरू झाली.

२६ सप्टेंबर
मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी राजीनामा दिला.

२७ सप्टेंबर, सकाळी ११. चार तास आधी
अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, शनिवार. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ३३ वेळेबाबत काटेकोर आहे: सकाळी ११ ते दुपारी ३, उमेदवाराने किंवा त्याच्या सूचकाने अर्ज हातात द्यायचा. १०१ जालना मतदारसंघात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि दालनाबाहेर व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. कॅमेरा लावताना त्याचा उपयोग पुढे कुणाविरुद्ध होईल, याचा विचार सहसा कुणी करत नाही. बंदोबस्ताचा एक भाग म्हणून तो लागतो आणि सीडी कपाटात जाते.

दुपारी ३
मुदत संपली.

दुपारी ३.५३
शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांच्या अर्जांचे चार संच होते. विरोधकांच्या मते चारही सदोष होते, पण वादाचा गाभा ठरले ४३ आणि ४४ क्रमांकाचे अर्ज. पुढे केलेला आरोप असा की हे दोन अर्ज अधिकाऱ्यांपुढे आले ते ३ वाजून ५३ मिनिटांनी, आणि हे कॅमेऱ्यात दिसते. खोतकरांना ते मान्य नव्हते. छाननीत अर्ज वैध ठरले.

१९ ऑक्टोबर
मतमोजणी. खोतकर ४५,०७८, काँग्रेसचे कैलास गोरंट्याल ४४,७८२. फरक २९६ मतांचा. एखाद्या मतदान केंद्राच्या यादीतही याहून जास्त नावे असतात. हा फरक पाच-दहा हजारांचा असता, तर त्या ५३ मिनिटांची आठवण कुणी काढली असती का, याची मला शंका आहे.

इथून पुढचे तास वर्षांत मोजावे लागतात. निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. गोरंट्याल आणि आणखी एका याचिकाकर्त्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन वर्षे चालले. मार्च २०१६ मध्ये खंडपीठाने चित्रीकरणासह सगळा अभिलेख, आवश्यक प्रमाणपत्रासह, हजर करायला सांगितले. सीडी आल्या. प्रमाणपत्र आले नाही. याचिकाकर्त्यांनी पुन्हा पुन्हा मागूनही आले नाही. कॅमेरा निवडणूक यंत्रणेचा, सीडी यंत्रणेकडे, सहीही तिचीच हवी. ती सही नाही म्हणून पुरावा बाद होणार होता तो मात्र याचिकाकर्त्याचा.

२४ नोव्हेंबर २०१७
न्या. टी. व्ही. नलावडे यांनी वाट काढली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी साक्षीत आणि उलटतपासणीत चित्रीकरणाबद्दल जे शपथेवर सांगितले, तेच त्यांनी प्रमाणपत्राच्या जागी पुरेसे धरले. खोतकर तेव्हा राज्यमंत्री होते. त्यांची निवड रद्द झाली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली आणि आमदारकी चालू राहिली. दरम्यान २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका पीठाने, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याला प्रमाणपत्राची सक्ती नको, असे म्हटले. हे अन्वर निकालाशी जुळत नव्हते, त्यामुळे प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला.

१४ जुलै २०२०
न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमण्यन यांचा निकाल: प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे औरंगाबादची वाट चुकीची ठरली. सवलती दोन. मूळ यंत्रच न्यायालयात आणून मालक साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि ताबेदार ते देत नसेल, तर न्यायाधीशाकडे अर्ज करून ते मागवून घ्यायचे. जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्र मिळवण्यासाठी सगळे करून पाहिले होते. अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही म्हणून त्यांना सूट मिळाली. शिवाय अर्ज उशिरा आल्याचे दाखवणारा इतर पुरावाही होता. खोतकरांचे अपील फेटाळले गेले, दोन्ही याचिकाकर्त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च देण्याचा हुकूम झाला. ज्या विधानसभेसाठी हे चालले होते, तिची मुदत मात्र २०१९ मध्येच संपली होती. त्या वर्षीच्या निवडणुकीत जालन्यातून गोरंट्याल निवडून आले, २०२४ मध्ये पुन्हा खोतकर.

१ जुलै २०२४
भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, ६५ बीची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या अनुसूचीतच आहे. त्याचे दोन भाग: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहायची. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा. एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात आज कुणी सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह पुढे केला, तर विरोधी वकिलाने आधी हा कागद मागावा आणि मग तारीख पाहावी. कारण हॅश चित्रीकरणाच्या वेळी घेतला नसेल, वर्षभराने प्रमाणपत्र भरताना काढला असेल, तर त्या वर्षभरात फाइलचे काय झाले हे तो आकडा सांगत नाही.