एका नियमाचे कुळ

दिल्लीस आलेला प्रवासी हुमायूनची कबर पाहावयास जातो, तेव्हा त्याची नजर प्रथम खिळते ती तांबड्या दगडावर उभ्या असलेल्या शुभ्र घुमटावर. परंतु ह्या वास्तूचे मर्म तिचा आराखडा कागदावर मांडल्यावाचून कळावयाचे नाही. बेगा बेगमने बांधविलेली आणि मीराक मिर्झा घियास ह्या स्थपतीने योजिलेली ही इमारत इ. स. १५७२ च्या सुमारास पुरी झाली. मध्ये अष्टकोनी दालन आणि त्याच्या भोवती आठ दालने, ही तिची मूळ मांडणी. कोपऱ्यांकडे वळावे, तर तेथेही मध्ये अष्टकोन आणि भोवती लहान दालने, असा तोच प्रकार आकाराने कमी होऊन पुन्हा भेटतो. अशी लहानमोठी १२४ दालने तेथे मोजली जातात. सारा विस्तार एका नियमातून निघालेला आहे.

अंशामध्ये संपूर्णाचे रूप दिसावे, ह्या गुणाला गणितात स्वसादृश्य म्हणतात. ज्या आकृतींत हा गुण कितीही खोल गेले तरी आढळतो, त्यांना बेन्वा मँडेलब्रॉट ह्या गणितज्ञाने १९७५ साली 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. आज अशा आकृती संगणकावर चितारणाऱ्या आज्ञावल्या कोणासही सहज मिळतात, आणि त्यांतील रंगीबेरंगी चित्रे पाहून 'छान नक्षी आहे' असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु ह्या चित्रांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न नक्षीहून अधिक मोलाचा आहे. त्या नात्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

नियम अगदी साधा आहे. एक संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि त्यात एक ठरलेली संख्या मिळवावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तीच क्रिया करावी. ठरलेली संख्या १ असेल, तर शून्यापासून निघून आपण १, २, ५, २६ असे भराभर अनंताकडे धावतो. ती उणे १ असेल, तर उणे १, शून्य, उणे १, शून्य अशा येरझारा चालतात, आणि आपण जागीच राहतो. संख्यांना केवळ एका रेषेवर न ठेवता साऱ्या प्रतलावर पसरविले, म्हणजे कोणत्या बिंदूपासून निघाले असता सुटका होते आणि कोणत्या बिंदूपासून होत नाही, ह्यांची सीमारेषा विलक्षण गुंतागुंतीची निघते.

ह्या सीमारेषांचा सखोल अभ्यास प्रथम केला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात, दोघा फ्रेंच गणितज्ञांनी. गास्ताँ ज्यूलिया ह्यांचे नाक १९१५ साली रणांगणावर गेले. पुढे जन्मभर ते चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधून वावरले. त्यांचा मोठा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास पॅरिसच्या वेधशाळेत काम करणारे पिएर फातू स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते. ठरलेली संख्या बदलली की आकृती बदलते, हे दोघांनी जाणले. इतकेच नव्हे, तर शून्यापासून निघालेली संख्या आटोक्यात राहिली तर आकृती अखंड असते आणि ती निसटली तर आकृतीची धूळधाण होते, हा नियमही त्यांच्याच काळी सिद्ध झाला. एवढे सारे त्यांनी चित्र डोळ्यांनी न पाहता, केवळ तर्काच्या बळावर केले; कारण लक्षावधी आकडेमोडी करणारे यंत्रच तेव्हा नव्हते.

ते यंत्र मँडेलब्रॉट ह्यांना अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत लाभले. ज्या ज्या संख्येसाठी ज्यूलियाची आकृती अखंड राहते, त्या सर्व संख्यांचे चित्र १९८० साली त्यांनी काढले. हाच पुढे मँडेलब्रॉट संच म्हणून प्रसिद्धीस आला. ह्याच संचाचे ओबडधोबड चित्र रॉबर्ट ब्रुक्स आणि पीटर मॅटेल्स्की ह्यांनी १९७८ सालीच काढले होते, हेही नोंदविले पाहिजे. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त छापतात, तसा हा संच म्हणजे ज्यूलियाच्या आकृतींचा कुलवृत्तान्तच होय. त्यातील एकेका बिंदूवर बोट ठेवावे, की त्या बिंदूची स्वतंत्र आकृती उलगडते.

हा कुलवृत्तान्त सामान्य माणसाच्या हाती आला तो १९८८ नंतर. बर्ट टायलर ह्यांनी लिहिलेली आणि पुढे अनेक हौशी जाणकारांनी वाढविलेली 'फ्रॅक्टिंट' ही आज्ञावली विनामूल्य वाटली जाई. त्या वेळच्या मंदगती घरगुती संगणकावर काम लवकर व्हावे, म्हणून तिचा हिशेब पूर्णांकांत चाले. पडद्यावर मँडेलब्रॉट संच असता एक कळ दाबली, की निवडलेल्या बिंदूची ज्यूलिया आकृती समोर येई. वर्गाच्या जागी घन घातला, की एका मुख्य फुगवट्याचे दोन होतात. चौथा घात घेतला, की तीन. नियमात प्रत्येक फेरीस संख्येचे प्रतिबिंब घेतले, की तीन शिंगांची 'ट्रायकॉर्न' नावाची भावंड-आकृती जन्मते. नियमात रेसभर फरक केला, की कुळाची नवी शाखा फुटते, हे वर्गात शिकविण्यास कठीण असे सत्य तिने घरोघर पोचविले.

हे ऐकून आपल्या मनात एक अभिमान जागा होतो: आमच्या देवळांत हे होतेच! ह्यात सत्य आहे. पण ते नेमके कोठे, हे पाहिले पाहिजे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही भूमिज पद्धतीची देवळे. त्यांत मोठ्या शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या माळा, वर जाता जाता बारीक होत चढविलेल्या असतात. खजुराहोच्या कंदारिया महादेवावर हेच तत्त्व निराळ्या रीतीने येते. तेथे शिखराच्या छातीलाच उपशिखरे बिलगलेली आहेत, आणि त्या पद्धतीस शेखरी म्हणतात. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात भूमिज प्रासादांचे प्रकार सांगितले आहेत. म्हणजे एका रूपातून दुसरे काढावे आणि त्याला नाव देऊन प्रकारांत बसवावे, ही दृष्टी आपल्या स्थपतींपाशी निश्चित होती.

परंतु दगडाला मर्यादा असते. तीन-चार पायऱ्यांनंतर छिन्नी थांबते. ज्यूलियाची रेषा थांबत नाही. अनंताचा तो हिशेब सूत्रधारांनी मांडला नव्हता, आणि मांडला असे म्हटल्याने त्यांची थोरवी वाढतही नाही. नियम हाती धरून रूपांची कुळे वाढविणे, ही त्यांची खरी विद्या होती. तिचे मोल ओळखावयाचे, तर अंबरनाथच्या भिंतीपाशी उभे राहून 'किती सुंदर!' एवढ्यावर न थांबता, 'हे कशातून निघाले?' असे विचारावे लागेल. संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या आपल्या मुलांनाही हाच प्रश्न विचारावयास शिकविले, तर त्या रंगीत चित्रांचा खेळ सार्थकी लागेल.