33 घोडे ओढायचे ते यंत्र डोंगराच्या उतारावर कलंडायचं का नाही?

सोशल मीडियावर अधूनमधून एक जुना कृष्णधवल फोटो फिरत येतो. गव्हाचं शेत, त्यात घराएवढं लाकडी यंत्र आणि त्याला जुंपलेली 33 जनावरं. फोटो खरा आहे. तो 1902 च्या सुमारास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, वॉला वॉलाच्या परिसरात काढलेला आहे.

फोटो पाहणाऱ्याची नजर घोडे मोजण्यातच अडकते. खरी करामत मात्र त्यांच्या मागे आहे. हे यंत्र गहू कापायचं, मळायचं, उफणायचं आणि पोत्यात भरायचं, तेही चालता चालता. आणि त्या भागात ही सगळी कामं उतारावर करावी लागत.

पलूस, पण सांगलीचं नव्हे

वॉशिंग्टन राज्याचा पूर्व भाग आणि त्याला लागून असलेला आयडाहोचा पट्टा यांना पलूस म्हणतात. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसशी या नावाचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे.

हजारो वर्षं वाऱ्यानं वाहून आणलेली बारीक माती इथे साचली आणि तिच्या टेकड्या तयार झाल्या. समुद्राच्या लाटा गोठाव्यात तशा त्या दिसतात. दगडगोटे जवळपास नाहीत, माती खोल आणि कसदार. 1870 नंतर इथे आलेल्या शेतकऱ्यांनी आधी ओढ्याकाठची सपाट जमीन धरली. मग लक्षात आलं की टेकड्यांवरही गहू उत्तम येतो. पण काही उतार असे की 100 फूट आडवं जाईपर्यंत 40-50 फूट चढ लागतो. अशा जागी बैठ्या घराएवढं यंत्र चालवायचं, तर ते उलटण्याची भीती कायमची.

उलटणं ही झाली दुसरी अडचण. पहिली अडचण यंत्राच्या पोटात होती.

तिरक्या चाळणीवर गहू थांबत नाही

खळ्यावरची उफणणी आठवा. तिवड्यावर उभं राहून सुपातून धान्य सोडायचं. दाणा जड म्हणून खाली पडतो, भूस हलका म्हणून वाऱ्यावर जातो. कंबाइन हार्वेस्टर हेच काम पेटीत बंद करून करतं. ओंब्या मळल्या की दाणे आणि भूस हलत्या चाळण्यांवर पडतात आणि खालून पंखा वारा घालतो.

आता ही पेटी एका बाजूला कलली तर काय होईल? सगळा माल चाळणीच्या खालच्या अंगाला घसरून ढीग होतो आणि वरचं अंग रिकामं राहतं. वारा नेहमी मोकळी वाट शोधतो, त्यामुळे तो रिकाम्या बाजूनं निघून जातो. ढिगातला भूस काही उडत नाही आणि न सुटलेले दाणे भुसासोबत मागच्या मागे शेतात सांडतात. वर्षभर राबून पिकवलेला गहू पुन्हा मातीत. यंत्र उलटलं नाही तरी शेतकरी बुडायचा तो असा.

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात बेंजामिन होल्ट आणि त्याच्या भावांचा कारखाना होता. सुरुवात गाड्यांच्या चाकांपासून झाली, मग ते कापणी-मळणीच्या यंत्रांकडे वळले. होल्टनं 1886 मध्ये आणलेल्या यंत्रात दातेरी चाकांऐवजी कड्यांच्या साखळ्यांनी शक्ती फिरवली. त्यामुळे मोडतोड कमी झाली. 1891 मध्ये त्याच कारखान्यानं खास उतारासाठीचं यंत्र आणलं.

त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. दोन्ही बाजूंची मोठी चाकं सांगाड्याला एकाच उंचीवर पक्की न बसवता त्यांना वरखाली होण्याची सोय ठेवली. टेकडीच्या अंगानं जाताना उताराकडचं चाक खाली सोडायचं, चढाकडचं वर घ्यायचं. चाकं जमिनीबरोबर तिरकी उंची घेतात आणि पेटी आडवी राहते. कापणीचा पाता मात्र जमिनीला समांतरच चालायला हवा, नाहीतर एका बाजूला तो मातीत घुसेल आणि दुसऱ्या बाजूला ओंब्यांच्या वरून जाईल. म्हणून पाता आणि पेटी यांच्यामध्ये लवता सांधा आला. एकाच यंत्राचा एक भाग डोंगरासारखा कललेला, दुसरा ओळंब्यात!

चाकांचं आणखी एक काम होतं. या यंत्राला स्वतःचं इंजिन नव्हतं. घोडे ओढत तेव्हा मुख्य चाक जमिनीवर फिरे, आणि त्याच फिरण्यावर पाता, मळणीचा ढोल, चाळण्या, पंखा असं सगळं चालत असे. चाक घसरलं की आतलं सगळं मंदावणार. यंत्र कललं की वजन एका बाजूला जातं आणि वरच्या चाकाची पकड सुटते. पेटी सरळ ठेवल्यानं हेही बरंचसं आटोक्यात आलं.

सगळी मदार एका माणसाच्या नजरेवर

आज हे वाचताना वाटेल की चाकं आपोआप वरखाली होत असतील. तसं नव्हतं. त्यासाठी एक माणूस यंत्रावर उभा असायचा. समोरचा उतार कसा बदलतोय ते पाहायचं आणि दांडा फिरवून पेटी सरळ करायची, दिवसभर. चढ संपून उतार लागला, मध्येच घळ आली, की त्याचा हात चालायलाच हवा. उशीर झाला तर दाणे सांडणार, जास्त उशीर झाला तर यंत्र आडवं होणार, आणि साखळ्यांनी जखडलेली जनावरंही त्यात सापडणार.

यंत्रावर साधारण पाच-सहा जण असत. एक घोडे हाकणारा, एक पात्याची उंची सांभाळणारा, एक हा पेटी सरळ ठेवणारा, एक पोती भरणारा आणि एक शिवणारा. पोतं शिवणाऱ्याच्या हातात दाभण आणि सुतळी. साठ किलोच्या आसपासचं पोतं भरलं की शिवून घसरगुंडीवर ढकलायचं. पोत्यांचं बारदान बरंचसं कलकत्त्याहून जहाजानं यायचं आणि तिकडच्या बाजारात ते कलकत्त्याच्याच नावानं ओळखलं जायचं. त्या टेकड्यांवरच्या गव्हाला बंगालच्या तागाशिवाय गत्यंतर नव्हतं!

इतके घोडे, आणि लगाम दोनच

आता घोड्यांकडे वळू. एवढे का लागत?

तगडा घोडा दिवसभर सलग काम करताना ढोबळमानानं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर लावतो. म्हणजे 700 किलोचा घोडा साधारण 70 किलोचा. समजा यंत्र 8 टनांचं आहे. 100 फुटांना 10 फूट एवढा साधा चढ लागला, तरी फक्त वर चढवण्यासाठी 800 किलोचा जास्तीचा जोर हवा. म्हणजे 11-12 घोडे वरचे. यंत्र चालवण्याचे वेगळेच. घोडा थोडा वेळ दुप्पट-तिप्पट जोर लावू शकतो, पण तासन्‌तास नाही.

म्हणूनच यंत्र शक्यतो टेकडीला वळसा घालत, एकाच उंचीवरून फिरवलं जाई. सरळ चढवणं टाळायचं. पण आडवं चालताना यंत्र सारखं खाली सरकू पाहतं. 20 अंशांच्या उतारावर वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा खालच्या दिशेनं खेचत असतो. त्यामुळे घोड्यांना जायच्या रेषेपेक्षा किंचित चढाकडे तोंड करून हाकावं लागे. नाव नदीपार नेताना प्रवाहाच्या वर रोख धरतात, तसंच हे.

बैलजोडीत एक बैल अंग चोरतो तेव्हा काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तीस घोड्यांत अंगचोर किती निघतील! यावर शँडोनी नावाची जुंपणी आली. घोडे सहा-सहा किंवा आठ-आठच्या रांगांत उभे करायचे आणि रांगांमधला ओढ साखळ्या, कप्प्या नि तराजूसारख्या दांड्यांतून वाटून घ्यायचा. मागे राहणाऱ्या घोड्यावर भार आपोआप येतो, त्यामुळे त्याला ओढावंच लागतं.

एवढे लगाम धरायला हात कुठून आणणार? लगाम फक्त सर्वांत पुढच्या घोड्यांना असत. बाकीचे शेजाऱ्याला आणि पुढच्याला बांधलेले. हाकणारा यंत्रातून पुढे काढलेल्या शिडीच्या टोकावर, मागच्या घोड्यांच्या डोक्यावर बसायचा. चाबूक पुढच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे, म्हणून जवळ खडे ठेवलेले असत. नाव घेऊन हाक मारायची, नाही ऐकलं तर नेमका खडा!

पुढे काय झालं?

होल्टच्याच कारखान्यानं 1904 मध्ये पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली. ते यंत्र डोंगरासाठी नव्हतं, स्टॉकटनजवळच्या दलदलीच्या जमिनीसाठी होतं. पण जमिनीला घट्ट धरणारा पट्टा उतारावरही कामाचा ठरला. 1925 मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी झाली. पलूसमध्ये घोडे मात्र सहजासहजी हटले नाहीत. चाकांचे सुरुवातीचे ट्रॅक्टर उतारावर धोक्याचे होते आणि घोड्याला निदान पाय कुठे टाकावा हे कळत होतं.

पेटी सरळ ठेवणाऱ्या माणसाचं काम 1940 च्या दशकात संपलं. पलूस भागातच वाढलेल्या रेमंड हॅन्सननं पेटी आपोआप समतल ठेवणारी यंत्रणा बनवली. आजही तिथे चाकं तिरकी आणि अंग सरळ ठेवून टेकडीवर फिरणारी यंत्रं दिसतात. आत बसलेल्याला दांड्याकडे बघावंही लागत नाही.

नांगराचं गणित मात्र उलटं पडलं

माती पलटणारा साधा लोखंडी नांगर ती नेहमी एकाच हाताला टाकतो. आपल्या जुन्या लाकडी नांगराला हा प्रश्न नव्हता, कारण तो माती फाडतो, पलटत नाही. उतारावर आडवं नांगरताना लोखंडी नांगर जाताना माती खाली टाकणार आणि येताना वर. वर टाकलेली माती पुन्हा तासात घरंगळते आणि घोड्यांचा दम निघतो तो वेगळाच.

यावर उपाय जुनाच आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थॉमस जेफरसनच्या जावयानं, थॉमस मान रँडॉल्फनं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियात उतारासाठी वेगळा नांगर बनवला. तो जाताना आणि येताना, दोन्ही वेळा माती खालच्याच अंगाला टाकायचा. तासं समपातळीत आखलेली, म्हणजे पावसाचं पाणी त्यांत अडणार. आपल्याकडे 'उताराला आडवी मशागत करा' असं सांगतात, तेच. पुढे फाळ नांगराच्या खालून फिरवून बाजू बदलणारे आणि डावा-उजवा असे दोन फाळ लावलेले नांगर घोड्यांमागे आले. आज ट्रॅक्टरमागे दिसणारा पलटी नांगर याच कुळातला.

घोड्यांना हे सोपं पडलं, शेतकऱ्याला सोयीचं पडलं, पण मातीला महाग पडलं. प्रत्येक नांगरणीत मातीचा थर थोडा खाली सरकतो. पलूसमध्ये हे दरवर्षी होत राहिलं आणि वर पडीक ठेवलेल्या उघड्या जमिनीवरून हिवाळ्यातला पाऊस नि वितळतं बर्फ वाहत गेलं. टेकड्यांच्या माथ्यावरची काळी माती उतरून खालची फिकट चिकण वर आली. नांगरलेल्या शेतात ते फिके माथे दुरूनही ओळखू येतात.

पलटी नांगरानं माती चढाकडे टाकता येते, पण त्याला जोर जास्त लागतो. घोड्यांच्या काळात तो परवडणारा नव्हता. अलीकडे तिथले बरेच शेतकरी नांगर लावतच नाहीत. मागच्या पिकाची धसकटं तशीच ठेवून, त्यांच्यामधूनच बी पेरतात.