ग्राहक आयोगाच्या निकालावरील अपील
भारतात बड्या दुकानसाखळीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. त्यामुळे मनमाडच्या गिऱ्हाईकाला कंपनीच्या मुख्य कार्यालयाचे गाव गाठावे लागत नाही, नाशिकचा जिल्हा आयोग पुरतो.

हरलेल्या पक्षाला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मात्र पैसे देण्याचा आदेश असेल, तर निम्मी रक्कम आधी भरल्याशिवाय अपील विचारातच घेतले जात नाही. १९८६ च्या कायद्यात निम्मी रक्कम किंवा २५,००० रुपये, यांतले जे कमी ते भरून भागे. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ होती, म्हणून हा बदल फार मोलाचा. राष्ट्रीय आयोगाकडे दुसरे अपील केवळ महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर होते. मध्यस्थीने मिटलेल्या प्रकरणात अपील नाही.

बड्या कंपनीविरुद्धचा वाद वरच्या आयोगांपर्यंत गेल्याचे एक उदाहरण: चंडीगडमध्ये बिल करताना कॅरीबॅगचे वेगळे पैसे लावल्याबद्दल बिग बझार या दुकानसाखळीविरुद्ध तक्रारी झाल्या. कंपनी राज्य आयोगात हरली. पुढे राष्ट्रीय आयोगानेही २२ डिसेंबर २०२० रोजी तिचे पुनरीक्षण अर्ज फेटाळले आणि पूर्वसूचनेशिवायची ही आकारणी अनुचित व्यापारी प्रथा ठरवली.