मुक्त पीएचपी आणि गावोगावची मराठी

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांची, संस्थांची आणि ज्ञानकोशांची असंख्य मराठी संकेतस्थळे पीएचपी या मुक्त संगणकभाषेवर चालतात. एका गावाचे उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले कडा हे अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्गावरचे बाजारपेठेचे गाव. अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयामुळे आसपासच्या खेड्यांतले विद्यार्थी तिथे शिकायला येतात. अहिल्यानगर–आष्टी रेल्वे कड्यावरून धावू लागली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. संगणक आणि इंटरनेट मात्र त्याच्या कितीतरी आधी पोहोचले होते. कड्यासारख्या गावाचे नाव, तिथला मजकूर आणि तिथल्या संस्थांची माहिती देवनागरीत जगापुढे येण्यामागे तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. भाषेवर आणि मजकुरावर ताबा कोणाचा, हा या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

फॉन्टच्या कुलपात

संगणकावरची मराठी सुरुवातीला व्यवसायाच्या गरजेतून वाढली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक ठरले. डीटीपीच्या दुकानांत मात्र श्री-लिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरचे राज्य होते. अशा फॉन्टमध्ये ‘क’ पडद्यावर दिसे, पण फाइलमध्ये त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, की पतसंस्थेचा अहवाल किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत उघडे. काही सॉफ्टवेअर संगणकाला डाँगल हे परवान्याचे उपकरण लावल्याशिवाय सुरूच होत नसत. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवरही ज्याचा त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. मजकूर लिहिणाऱ्याचा, पण तो उघडण्याची किल्ली विक्रेत्याकडे, अशी ही व्यवस्था होती. शोध घेणे, वर्णानुक्रम लावणे, एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे नेणे, ही साधी कामेही तिच्यात अवघड होती.

यावरचा उपाय १९९१ पासून उपलब्ध होता. त्या वर्षी आलेल्या युनिकोड या जागतिक वर्णसंकेताच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. ते वापरात यायला मात्र दहा-पंधरा वर्षे गेली. विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या बाजूने इंडलिनक्सच्या कार्यकर्त्यांनी भारतीय भाषांचे काम हाती घेतले आणि रेड हॅटने ‘लोहित’ ही फॉन्टमालिका मुक्त परवान्याखाली खुली केली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात मराठी वर्णमाला आणि वर्णलेखनाचे रूप निश्चित झाले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने युनिकोडला ई-प्रशासनाचे मानक म्हणून मान्यता दिली.

पीएचपीचा जन्म आणि मुक्त सॉफ्टवेअरचा विचार

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून उभी राहिली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवणे, ते आतून कसे चालते हे अभ्यासणे, त्यात बदल करणे आणि मूळ किंवा बदललेली प्रत इतरांना देणे, अशी चार स्वातंत्र्ये तिने मांडली. यात किमतीचा मुद्दा दुय्यम आहे. वापरणाऱ्याचा हक्क हा तिचा गाभा.

रासमुस लेरडॉर्फ या डॅनिश-कॅनेडियन प्रोग्रॅमरने स्वतःच्या पानासाठी लिहिलेली छोटी साधने ८ जून १९९५ रोजी सर्वांसाठी खुली केली. तीच पीएचपीची सुरुवात. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीसाठी अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि २००० मध्ये चौथी आवृत्ती आली. लिनक्स, अपाची हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी ही चौकडी स्वस्त होस्टिंगवर सहज चालत असे. एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांची स्थळे ठेवता येत असल्याने होस्टिंगचा वार्षिक खर्च शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यात आला. परवान्याचे पैसे नव्हते आणि कोणाची परवानगीही लागत नव्हती.

मराठी स्थळांची उभारणी

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलेली ‘मायबोली’ आणि पुढच्या दशकात आलेली ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ ही स्थळे पुढे ड्रुपलवर चालली. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांनी २००१ मध्ये खुली केलेली ही पीएचपी प्रणाली आहे. कळफलकाची अडचण ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने सोडवली. रोमन कळा दाबून ब्राउझरमध्येच देवनागरी उमटवण्याची ही सोय अनेक मराठी स्थळांनी आपल्यात जोडून घेतली. या स्थळांच्या प्रणालीची आतली रचना खुली होती, म्हणूनच अशी जोडणी शक्य झाली.

ज्ञानकोशाची कथाही याच मार्गाने जाते. जानेवारी २००२ मध्ये विकिपीडिया मॅग्नस मान्स्के यांनी लिहिलेल्या पीएचपी प्रणालीवर गेला आणि त्यातूनच पुढे मीडियाविकी घडले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. मेन्यूपासून सूचनांपर्यंत त्याचा सारा मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केला. नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकी परिषद भरली. त्याच सुमारास मीडियाविकीत भारतीय भाषांच्या टंकलेखनाची सोय आली आणि वेगळे सॉफ्टवेअर बसवल्याशिवाय मराठीत संपादन करणे शक्य झाले.

२७ मे २००३ रोजी मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या पीएचपी प्रणालीची पहिली आवृत्ती आणली. बंद पडत चाललेल्या ‘बी२’ या प्रणालीची प्रत घेऊन त्यांनी ती पुढे नेली. ‘बी२’च्या जीपीएल या मुक्त परवान्याने हा हक्क कोणालाही दिलेला होता. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे वर्डप्रेस आहे. जिल्हा प्रशासनांच्या स्थळांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने उभारलेली व्यवस्थाही वर्डप्रेसच्याच पायावर असून बीड जिल्ह्याचे अधिकृत स्थळ तिच्यावर चालते.

अक्षर मोजण्याचा प्रश्न

पीएचपी आणि मराठी यांचे नाते सुरुवातीला अवघड होते. पीएचपी रोमन लिपी गृहीत धरून, एक बाइट म्हणजे एक अक्षर या हिशोबाने घडली होती. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. ‘कडा’ या नावात क, ड आणि काना असे तीन वर्ण आहेत, म्हणजे नऊ बाइट. वाचणाऱ्याला मात्र दोनच अक्षरे दिसतात. पीएचपीचे लांबी मोजणारे मूळ फंक्शन नऊ सांगते, बहुबाइट फंक्शन तीन सांगते आणि दिसणारी अक्षरे मोजणारे फंक्शन दोन. पहिले फंक्शन वापरून शीर्षक मधेच कापले तर एखादा वर्ण अर्धवट तुटतो आणि पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येते.

डेटाबेसमध्येही हीच अडचण होती. मायएसक्यूएलमध्ये युनिकोडची सोय २००४ च्या ४.१ आवृत्तीत आली आणि वर्डप्रेसने ती २००७ च्या २.२ आवृत्तीपासून नव्या स्थळांसाठी रूढ केली. त्याआधीचे मराठी स्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना वर्षानुवर्षांचा मजकूर प्रश्नचिन्हांत बदलण्याचा धोका असे. पानांच्या इंटरनेट-पत्त्यांची अडचण तर अजून आहे. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस जो पत्ता बनवते, त्यात एका वर्णाचे सांकेतिक रूप नऊ चिन्हांचे होते. ‘कडा’चीच सत्तावीस चिन्हे होतात. या पत्त्यासाठी डेटाबेसमध्ये दोनशे चिन्हांची जागा असल्याने बावीस वर्णांपुढचे मराठी शीर्षक पत्त्यात मावत नाही.

अक्षर मोजण्याच्या अडचणीवर मुळातून उपाय करण्याचा प्रयत्न पीएचपी ६ मध्ये झाला. संपूर्ण भाषा आतून युनिकोडवर आणण्याचे काम २००५ पासून चालले, पण वेग आणि गुंतागुंत यांच्या अडचणींमुळे २०१० मध्ये ते सोडून द्यावे लागले. म्हणूनच पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीनंतर थेट सातवी आहे. प्रत्यक्ष मदत झाली ती दुसऱ्या बाजूने. जपानी प्रोग्रॅमरांनी आपल्या लिपीसाठी लिहिलेले बहुबाइट विस्तारक पीएचपीत आधीच आले होते आणि ते देवनागरीलाही तितकेच लागू पडले. २००९ च्या ५.३ आवृत्तीत दिसणारी अक्षरे मोजणारी आणि भाषेनुसार वर्णक्रम लावणारी फंक्शने आली. २१ नोव्हेंबर २०२४ च्या ८.४ आवृत्तीत शब्द दिसणाऱ्या अक्षरांत तोडण्याची सोय झाली. त्यामागचा प्रस्तावही जपानी विकसकाचाच होता. टोकियोतल्या गरजेसाठी लिहिलेला कोड बीडमधल्या मजकुराच्या कामी आला, कारण तो वापरायला कोणाला विचारावे लागत नव्हते.

जोडाक्षरांचा प्रश्न त्याहून उशिरा सुटला. ‘आष्टी’ हे तालुक्याचे नाव वाचणाऱ्याला दोन अक्षरांचे वाटते. युनिकोडचे जुने नियम मात्र ‘ष्’ आणि ‘टी’ वेगळे धरून तीन अक्षरे मोजत. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला आणि ‘ष्टी’ हे एकच अक्षर ठरले. पीएचपी ही मोजणी आयसीयू या मुक्त संग्रहाकडून करून घेते. त्यामुळे सर्व्हरवरचा संग्रह नवा असेल तरच उत्तर दोन येते.

गावापर्यंतचा रस्ता

ग्रामीण भागात संगणक-साक्षरता पोहोचवण्यात २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएल या संस्थेच्या एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाचा मोठा वाटा आहे. तिथले शिक्षण प्रामुख्याने तयार सॉफ्टवेअर वापरण्याचे होते. ते घडवण्याचे शिक्षण पदविका आणि पदवीच्या वर्गांतून आले. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविकेत पीएचपीवर आधारित वेब विकास हा विषय आला. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने पीएचपी आणि मायएसक्यूएलचे धडे मराठी आवाजात उपलब्ध करून दिले. ते उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय पाहता येतात. झॅम्पसारख्या मुक्त संचामुळे सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संगणकावर बसतात. जोडणी तुटली तरी सराव थांबत नाही.

संकेतस्थळांच्या मागणीला नॅक या राष्ट्रीय संस्थेकडून होणाऱ्या महाविद्यालयांच्या मूल्यांकनाने जोर दिला. २०१७ मध्ये ही प्रक्रिया ऑनलाइन झाली आणि स्वयंअध्ययन अहवाल, वार्षिक गुणवत्ता अहवाल आणि त्यांचे पुरावे स्वतःच्या स्थळावर ठेवणे महाविद्यालयांना आवश्यक झाले. सप्टेंबर २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ही स्थळे विद्यार्थी-पालक फोनवर उघडू लागले.

सॉफ्टवेअर मुक्त असले तरी जोडणी दुसऱ्याच्या हाती असते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळातल्या हिंसाचारानंतर बीड जिल्ह्यात इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. अशा वेळी सर्व कारभार ऑनलाइन असलेल्या संस्थेचे काम अडते.

अलीकडची वर्षे

पीएचपीचा मोठा भार अनेक वर्षे मोजक्या प्रोग्रॅमरांवर होता. मार्च २०२१ मध्ये प्रकल्पाच्या सर्व्हरवर घुसखोरी होऊन मूळ कोडमध्ये घातक बदल टाकला गेला. तो लगेच पकडला गेला आणि कोडचा संग्रह गिटहबवर हलवण्यात आला. त्याच वर्षी निकिता पोपोव्ह या मुख्य विकसकाने पीएचपीवरचे काम कमी केले. भाषा एक-दोन व्यक्तींवर अवलंबून राहू नये म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये पीएचपी फाउंडेशन स्थापन झाले. देणग्यांतून विकसकांना मानधन देण्याचे काम ते करते. २० नोव्हेंबर २०२५ रोजी ८.५ आवृत्ती आली.

वर्डप्रेसमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळे संकट उभे राहिले. मॅट मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातला वाद चिघळला आणि त्या कंपनीचा वर्डप्रेसच्या मध्यवर्ती वितरण-सर्व्हरशी संपर्क तोडण्यात आला. कंपनीच्या ग्राहकांना नेहमीच्या मार्गाने अद्यतने मिळेनाशी झाली. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने तात्पुरता आदेश देऊन प्रवेश पूर्ववत करायला लावला. कोड मुक्त असला, तरी तो पोहोचवणारा रस्ता एकाच्या ताब्यात असेल तर स्वातंत्र्य अपुरे राहते, हे या प्रकरणाने स्पष्ट केले. जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ हा पर्यायी, विकेंद्रित वितरणाचा प्रकल्प जाहीर झाला. २०२६ च्या वर्डकॅम्प एशिया या वर्डप्रेस परिषदेसाठी मुंबईची निवड झाल्याने या चर्चेत महाराष्ट्रातल्या विकसकांनाही थेट स्थान मिळाले.

लहान गावातल्या संस्थांसाठी या इतिहासातून काही कर्तव्ये स्पष्ट होतात. स्थळाचा पत्ता संस्थेच्याच नावे नोंदलेला हवा, एखाद्या ठेकेदाराच्या नव्हे. मजकूर आणि डेटाबेसची प्रत नियमितपणे स्वतःकडे उतरवून ठेवली पाहिजे. पीएचपीची प्रत्येक नवी आवृत्ती दोन वर्षे पूर्ण आणि आणखी दोन वर्षे फक्त सुरक्षेपुरती सांभाळली जाते, हे ध्यानात ठेवून सर्व्हर अद्ययावत करावा लागतो. ७.४ आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली. तिच्यावर चालणारे स्थळ घुसखोरांना उघडे असते. मराठीच्या बाजूनेही काम शिल्लक आहे. ‘ॲ’साठी युनिकोडने २००८ मध्ये स्वतंत्र वर्ण दिला, पण ‘अ’वर चंद्र जोडून लिहिण्याची जुनी पद्धतही चालू असल्याने एकच शब्द दोन रूपांत साठतो आणि शोधात सापडत नाही. पत्त्यांची मर्यादा, वर्णक्रम आणि अनुवादातल्या त्रुटीही बाकी आहेत. या सर्वांचा कोड खुला आहे आणि तो दुरुस्त करण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला आहे. कड्याच्या किंवा आष्टीच्या विद्यार्थ्याने पाठवलेली दुरुस्ती योग्य ठरली, तर ती त्या प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीतून जगभरच्या मराठी मजकुराला लागू होते.