फोटो आणि गोळी यांमधला वेळ: सामाईक जमिनीवरील ट्रेल कॅमेऱ्याचा इतिहास

प्रस्तावना

जंगलातील वाटेवर झाडाला बांधलेला आणि समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणारा छोटा कॅमेरा आपण बातम्यांत पाहिला असेल. भारतात त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात आणि वाघांच्या गणनेमुळे तो आपल्याला माहीत आहे. अमेरिकेत त्याच यंत्राला ट्रेल कॅमेरा म्हणतात. तेथे त्याचा मोठा ग्राहक आहे हरणांचा शिकारी. २०१८ ते २०२२ या काळात तेथील नेवाडा, ॲरिझोना आणि यूटा या तीन राज्यांनी शिकारीसाठी या कॅमेऱ्याच्या वापरावर बंधने घातली. ती शिकारीच्या विरोधकांनी घातलेली नव्हती. हरणांची शिकार या तिन्ही राज्यांत आजही कायदेशीर आहे. मग कॅमेऱ्यालाच हरकत का घेतली गेली?

या टिपणात आपण हा इतिहास एकाच प्रश्नाच्या आधाराने वाचणार आहोत. फोटो निघाल्यापासून तो माणसाच्या हाती पडेपर्यंत किती वेळ जातो? अभियांत्रिकीचे विद्यार्थी या वेळेला विलंब म्हणतात आणि तो कमी करणे हे आपले काम समजतात. येथे मात्र विलंब कमी झाला आणि त्यातूनच भांडण उभे राहिले.

१. बंदुकीच्या जागी कॅमेरा

आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा एक जनक स्वतः शिकारी होता. जॉर्ज शिरास (तिसरे) हे पेनसिल्व्हेनियाचे वकील. १९०३ ते १९०५ या काळात ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. मिशिगन राज्याच्या उत्तर भागातील व्हाइटफिश तलावावर ते तरुणपणी रात्री होडीतून शिकार करत. होडीच्या टोकाला दिवा लावायचा, काठावरचे हरीण उजेडाकडे टक लावून थांबले की गोळी झाडायची, अशी ती पद्धत होती. पुढे शिरास यांनी होडी आणि दिवा तसाच ठेवला, पण बंदुकीऐवजी कॅमेरा घेतला. त्यानंतर त्यांनी वाटेवर आडवा दोरा बांधून तो कॅमेऱ्याला जोडला. हरणाचा पाय दोऱ्याला लागला की मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत उजेड पडे आणि हरीण स्वतःचाच फोटो काढून जाई. जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिक मासिकात त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी १९०४ मध्ये काँग्रेसमध्ये विधेयक मांडणारेही हेच शिरास.

भारतात वनसेवेतील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातील जंगलात याच युक्तीने वाघांचे फोटो घेतले. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये आले. त्याच वर्षी फ्रँक चॅपमन यांनी पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर अशाच कॅमेऱ्यांनी कोणकोणती जनावरे वाटेने जातात याची नोंद प्रसिद्ध केली.

या तिघांच्या कामातले एक साम्य लक्षात घ्या. काचेची पट्टी अंधाऱ्या खोलीत धुऊन चित्र दिसेपर्यंत जनावर कधीच दूर गेलेले असे. त्या फोटोच्या आधारे त्याच हरणावर गोळी झाडणे शक्यच नव्हते.

२. हरीण कोणाचे?

पुढचा वाद समजण्यासाठी अमेरिकेतील मालकीची कल्पना पाहावी लागेल. इंग्लंडच्या जुन्या परंपरेत शिकार हा राजाचा आणि जमीनदारांचा हक्क होता. अमेरिकेने ती वाट सोडली. १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रानातले प्राणी हे जनतेचे असून राज्य त्यांचे विश्वस्त आहे. १९७९ मध्ये न्यायालयाने हा निकाल रद्द केला, तरी विश्वस्ताची कल्पना राज्यांच्या कायद्यांत टिकली.

पश्चिमेकडील राज्यांत जमिनीचा फार मोठा भागही सार्वजनिक आहे. ॲरिझोनात हरणाच्या शिकारीचा परवाना सहसा सोडतीने मिळतो. चांगल्या भागातील परवान्यासाठी लोक अनेक वर्षे वाट पाहतात. म्हणजे जमीन सर्वांची, हरणे सर्वांची आणि शिकारीचे दिवस मोजके. अशा ठिकाणी हरीण कोठे आहे हे आधी कोणाला कळते, याला फार महत्त्व येते.

शिकारीच्या नीतीचा विचारही तेथे जुना आहे. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने न्याय्य पाठलागाची कल्पना रुजवली. जनावराला निसटण्याची खरी संधी मिळाली पाहिजे, हा तिचा गाभा.

३. दोऱ्यापासून मोबाइलपर्यंत

आता यंत्राकडे वळू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकारी वाटेवर दोरा बांधून त्याला घड्याळ जोडत. दोरा ओढला गेला की घड्याळ थांबे. कोणीतरी किती वाजता गेले एवढेच त्यातून कळे. ते हरीण होते की शेजाऱ्याचा कुत्रा, हे कळत नसे.

पुढे अवरक्त किरणांचे संवेदक आले आणि त्यांना ३५ मिलिमीटर फिल्मचे साधे कॅमेरे जोडले गेले. रोलमध्ये ३६ फोटो. रोल काढायला जंगलात जायचे, तो धुवायला द्यायचा आणि काही दिवसांनी फोटो पाहायचे. डिजिटल कॅमेऱ्याने धुण्याचा वेळ वाचवला आणि एका कार्डावर हजारो फोटो मावू लागले. तरी कार्ड आणायला पायपीट होतीच. मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने तीही संपवली. हरीण पाणी पीत असतानाच त्याचा फोटो घरी बसलेल्या माणसाच्या फोनवर येऊ लागला.

दिवसांचा विलंब तासांवर आला आणि तासांचा सेकंदांवर. शिरास यांच्या काळात बंदुकीची जागा घेणारा कॅमेरा आता बंदुकीला वाट दाखवू लागला.

४. पाणवठ्यावरची गर्दी

ॲरिझोना कोरडा प्रदेश आहे. उन्हाळ्यात हरणांना मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते. कॅमेरे स्वस्त झाले तसे एकेका पाणवठ्यावर अनेकांचे कॅमेरे लागले. पैसे घेऊन शिकारीला नेणारे वाटाडेही मोठ्या संख्येने कॅमेरे लावू लागले. कार्ड बदलायला माणसांची ये-जा वाढली आणि जनावरे बिचकू लागली. कॅमेरे चोरीला गेले, भांडणे झाली.

येथे एकट्या कोणाचीही चूक दाखवता येत नाही. माझा एक कॅमेरा निरुपद्रवीच असतो, पण सर्वांचे मिळून पाणवठ्याचे रूप बदलते. आपल्याकडच्या गायरानात प्रत्येकाने एकेक जनावर जास्त सोडले तर काय होते, हे गावात वाढलेल्यांना सांगायला नको. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की सामाईक साधने वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात. येथेही नियम झाले, पण प्रत्येक राज्याने वेगळी वाट घेतली.

नेवाडाने २०१८ मध्ये दिनदर्शिकेचा आधार घेतला. सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर असे कॅमेरे लावायचे नाहीत आणि फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांना त्याहून आधीपासून बंदी. ॲरिझोनाने हेतू पाहिला. जून २०२१ मध्ये तेथील आयोगाने ठराव केला आणि १ जानेवारी २०२२ पासून शिकारीला मदत म्हणून ट्रेल कॅमेरा वापरणे बेकायदा ठरले. यूटाने २०२२ मध्ये हंगामापुरती बंदी घातली, शिवाय शिकारीसाठी असे फोटो विकण्या-विकत घेण्यासही मनाई केली.

विरोधकांचे म्हणणेही वजनदार होते. वर्षाला चारच दिवस रजा मिळणाऱ्या नोकरदाराला कॅमेरा आधार देतो. वयस्क नर ओळखता आला तर कोवळी जनावरे वाचतात. आणि कॅमेरा कोणत्या हेतूने लावला, हे वनरक्षक सिद्ध कसे करणार? शेवटच्या प्रश्नाला ॲरिझोनाच्या नियमात सोपे उत्तर नाही. नेवाडाची तारीख तपासणे मात्र सोपे आहे.

तिन्ही नियमांत फरक असले तरी परिणाम सारखाच आहे. यंत्राने काढून टाकलेला विलंब कायद्याने परत आणला.

५. भारतासाठी बोध

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणांच्या शिकारीचा हंगाम नाही. येथे कॅमेरा गणनेच्या कामाला लागला. उल्लास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्या काढण्याची पद्धत वापरली. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले.

पण जंगलाच्या वाटा फक्त वाघ-हरणांच्या नाहीत. २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील अभ्यास प्रसिद्ध केला. गवत आणि सरपणासाठी जाणाऱ्या स्त्रियांना या कॅमेऱ्यांमुळे सतत पाहिले जात असल्याची भीती वाटते, जंगलात मोकळेपणाने बोलणे-गाणे कमी झाले आहे, असे त्यात नोंदले आहे. एका स्त्रीचा अत्यंत खासगी क्षणाचा फोटो समाजमाध्यमांत फिरल्याचाही उल्लेख आहे. त्या वाटेवर कॅमेरा लावताना या स्त्रियांना कोणी विचारले नव्हते.

ॲरिझोनाचा शिकारी आणि कॉर्बेटची गवत कापणारी बाई यांच्यात साम्य थोडे. तरी दोघांचा प्रश्न एकच आहे. जागा सर्वांची असेल, तर तेथील माहिती कोणाला, किती लवकर आणि कशासाठी मिळावी हे कोण ठरवणार? संवेदक निवडताना आपण त्याची गती आणि पल्ला पाहतो. सामाईक जमिनीवर तो लावणार असाल, तर तेथे वावरणाऱ्यांची यादी आधी करा आणि त्यांच्याशी बोला. हे कामही आराखड्याचाच भाग आहे.

विचारासाठी प्रश्न

१. नेवाडाचा तारखेवर आधारलेला नियम आणि ॲरिझोनाचा हेतूवर आधारलेला नियम यांपैकी अंमलबजावणीस सोपा कोणता? अधिक न्याय्य कोणता? कारणे द्या.
२. फोटो सात दिवसांनीच पाहता येईल असा कॅमेरा बनवला, तर शिकारीतील वाद मिटेल का? गणनेच्या कामात अडचण येईल का?
३. आपल्या परिसरातील एखादी सामाईक जागा निवडा. तेथे कॅमेरा लावायचा असल्यास कोणाकोणाची संमती घ्याल?