आवाजाची दिंडी

रेडिओचा इतिहास सांगू लागले की लोक मार्कोनीपासून आरंभ करतात. मी पुण्यापासून करतो. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. चाकणची ओळख मात्र तेव्हा कांदा-बटाट्याच्या बाजाराची होती. मोटारींचे कारखाने फार पुढचे.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा मंडळी संचाभोवती जमत, शेतीचा कार्यक्रम ऐकत, मग आपसांत वाद घालीत. त्यांच्या शंका केंद्राकडे जात आणि उत्तरे पुन्हा रेडिओवरून येत. हा प्रयोग एवढा यशस्वी झाला की १९५९ पासून तो देशभर पसरला.

त्या काळी आवाज गावात पोचे तो लाटेच्या पाठीवर बसून. बोलणाऱ्याचा स्वर जसा चढे-उतरे, तशी रेडिओलहरीची उंची कमी-जास्त होई. युक्ती साधी, पण वीज कडाडली, तरी ती त्याच उंचीत भर घाली. आमच्या वस्तीत शेजारचे वर्कशॉप सुरू झाले, वेल्डिंगची ठिणगी उडाली, की बातम्यांत खरखर शिरे. कारखाना आणि रेडिओ यांचे असे जुने वैर!

डिजिटल रेडिओने या वैरावर तोड काढली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा मुलांना सांगतो तसेच सांगतो. स्वराची लाट सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि मापे आकड्यांत लिहायची. कानाला जे ऐकूच येत नाही ते गाळायचे. मग उरलेले आकडे एकट्या जासुदाच्या हाती न देता दिंडीला वाटून द्यायचे. मध्यम लहरींच्या एका वाटेवर असे सुमारे दोनशे सूक्ष्म वाहक शेजारी-शेजारी चालतात. प्रत्येकाचे ओझे थोडे, चाल संथ. म्हणून आकाशातून परावर्तित होऊन उशिरा आलेली लहर गोंधळ घालीत नाही. शिवाय काही जादा आकडे मुद्दाम पाठवलेले असतात. त्यांच्या आधारे दोन-चार वारकरी वाटेत हरवले तरी घरचा संच त्यांचे शब्द हिशेबाने भरून काढतो. वीज कमी लागते, आणि एकाच वाटेने दोन-तीन कार्यक्रम जाऊ शकतात.

२०१० नंतरच्या दशकात आकाशवाणीने अशी तीसहून अधिक प्रक्षेपके देशात उभारली. लाखो मोटारींत हे ऐकणारे संचही बसले.

परंतु वाचकहो, येथेच मला ते १९५६ चे श्रोते आठवतात. जुना रेडिओ दुबळ्या लहरीवरही खरखरत का होईना, बोलत असे. डिजिटल संच हिशेब जुळेपर्यंत स्वच्छ बोलतो. तो चुकला की एकदम मुका होतो. आणि जुन्या संचाला ही नवी भाषा मुळीच कळत नाही. मोटारवाल्याला संच आपोआप मिळाला. ओट्यावर बसून ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तो बाजारात शोधावा लागतो, आणि महाग पडतो.

प्रक्षेपक उभारणे हे अर्धेच काम. पुणे केंद्राने तेव्हा आधी गावात माणसे जमवली, संच मध्ये ठेवला आणि मग आवाज सोडला. दिंडी कितीही शिस्तीची असो, मुक्कामाच्या गावी दार उघडणारा कुणी हवाच.